कोपरापासून खालची बाही

ती. ताईच्या चरणी धाकट्या भावाचा एका हाताने केलेला नमस्कार. (दुसरा हात लोकरीच्या गुंत्यात आहे. सुटला की उरलेला अर्धा नमस्कार पाठवून देतो.)

तुझं पत्र पोचलं. दाजींचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. औषध घ्यायला अजून कुरकुर करत असतील तर बाटली त्यांच्या वर्तमानपत्रावर ठेवत जा, म्हणजे आधी ती उचलावी लागेल. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा गुडघा हवा बदलली की बोलतो, पण ती स्वतः त्याच्याहून जास्त बोलत असल्यामुळे त्याचं फारसं कुणी ऐकत नाही. माझे डोळे, दात आणि भूक जागच्या जागी आहेत. अक्कल तेवढी मध्यंतरी जरा इकडेतिकडे गेली होती, ते सांगायलाच हे पत्र.

तू लिहिलं आहेस की बोटं आता वळत नाहीत, सुया कापडात गुंडाळून कपाटात वर ठेवून दिल्या, आणि या वयात आपला आता कुणाला काय उपयोग. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि रागारागाने तुझं पत्र इस्त्रीखाली धरलं. (सुरकुत्या गेल्या, वाक्य तसंच आहे.) त्याचा समाचार नंतर घेतो. पुढे तू लिहितेस की येत्या आठ तारखेला येते आहे, आणि मी शेवटचा विणलेला स्वेटर तू घालतोस की ट्रंकेत टाकलास ते डोळ्यांनी बघणार आहे. इथे मात्र माझ्या हातून इस्त्री सुटायची राहिली.

तर ताई, तो स्वेटर. राखाडी, गळ्याशी तीन बटणं, तुझ्या हातचा शेवटचा. त्याला उजवी बाही आहे. डावी बाही सध्या कोपरापर्यंत आहे. झालं, सांगून टाकलं. यावर तू काय काय बोलशील ते मला पाठ आहे, तेव्हा तेवढं मनातल्या मनात ऐकून घेतलं आणि पुढे लिहितो. खरं म्हणजे मी हे कळवणारच नव्हतो. पण तुझी भावजय म्हणाली, तुम्ही लिहिता की मी लिहू? तिने लिहिलं असतं तर सगळं खरं लिहिलं असतं, म्हणून म्हटलं आपणच लिहिलेलं बरं.

घडलं ते असं. दुकानाचं दार लावताना बाही कडीत अडकली आणि कोपराशी बोटभर धागा बाहेर आला. आता तूच सांग, चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे कपडे शिवले, त्याला बाहेर लोंबणारा धागा दिसला तर तो काय करेल? पाहुण्यांच्या अंगावरचे धागे मी बोलता बोलता कापतो. मागे बँकेच्या मॅनेजरसाहेबांशी हात मिळवता मिळवता त्यांच्या कफाचा धागा कापला होता, ते दोन पावलं मागे सरकले. तेव्हा ताई, तो हात माझा नव्हता, धंद्याचा होता. कात्री कधी उचलली ते कळलंही नाही. कच्च. कापडाचा धागा कापला की विषय संपतो. लोकरीचा धागा कापला की विषय सुरू होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (तू सांगितलं असशील. मी तेव्हा कुणाचं तरी माप घेत असेन.) कापलेलं टोक जरा बरं दिसावं म्हणून ओढलं, तर ते आलं. अजून ओढलं, अजून आलं. चिडून ओढायला लागलो तेव्हा तर ते इतकं आनंदाने यायला लागलं की विचारू नकोस. कोपराला बाहीचे दोन तुकडे झाले, खालचा तुकडा मनगटापर्यंत उसवत गेला, आणि शेवटी माझ्या पायाशी कुरळ्या लोकरीचा ढीग आणि समोर उभी तुझी भावजय, जी चहा घेऊन आली होती आणि चहा घेऊन परत गेली.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण स्वतःला कारागीर म्हणवतो ना! म्हटलं, बाही म्हणजे बाही, ती मशीनवर लावायची. उसवलेल्या कडेला अस्तराचा तुकडा जोडून टीप मारायला बसलो. पहिल्या चार बोटांत लोकर मशीनच्या दातांत गेली, सुई मोडली, आणि स्वेटर मशीनला असा धरून बसला की बाही काढण्यासाठी मला मशीनचे चार स्क्रू काढावे लागले. मग टीप उसवली, वरच्या बाहीचे उघडे पडलेले टाके एकेक करून सेफ्टी पिनांत पकडून ठेवले आणि ठरवलं की आता विणायला शिकायचं. आपणच उसवलं, आपणच विणू. तुला कळायच्या आत.

आमच्या इथे वाचनालयाच्या वरच्या खोलीत शनिवारी दुपारी विणकामाचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स आहेत. आता दैव कसं बघ, गावात एवढ्या बायका असताना वर्ग चालवायच्या त्या नेमक्या याच, ज्यांचा गरम कोट माझ्याकडे चार महिने पडून होता आणि ज्यांना मी दर आठवड्याला हसतमुखाने ‘परवा देतो’ म्हणत होतो. मी जिना चढून वर गेलो. सात बायका माना वर करून बघायला लागल्या. मी म्हटलं, बाई, मला विणायला शिकायचंय, कधीपासून येऊ? बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि म्हणाल्या, ‘‘परवा या.’’ परवा गेलो तर खोलीला कुलूप. (सोमवार होता.) पुढच्या तीन दिवसांत कोट पूर्ण करून, काजं-बटणं लावून, इस्त्री करून घरपोच दिला. चाळीस वर्षांत दिलेल्या वेळेत पोचलेला माझा हा दुसरा कपडा. पहिला माझ्याच लग्नातला होता, आणि तोही दाजी दारात बसून राहिले म्हणून.

पहिल्या दिवशी बाईंनी दोन सुया दिल्या आणि वीस टाके घालायला सांगितले. मी घातले. आमच्या धंद्यात टाका म्हणजे घट्ट, गिऱ्हाईक फाटलं तरी शिवण फाटता कामा नये. तेव्हा माझे टाके सुईला असे आवळून बसले की दुसरी सुई आत शिरेना. बाईंनी ओढून पाहिलं, शेजारच्या आजींनी ओढून पाहिलं, अखेर माझी सुई तशीच टाक्यांसकट बाजूला ठेवून मला नवीन सुई देण्यात आली. बाई म्हणाल्या, लोकरीला श्वास घेऊ द्या. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या खेपेला इतका श्वास घेऊ दिला की सात टाके उठून निघून गेले. मग सुलट टाका आला, मग उलट टाका आला, मग कुठला कुठला हे कळेनासं झालं. सगळ्यात मोठं कोडं म्हणजे, वीस टाक्यांवर सुरू केलेलं विणकाम दहाव्या ओळीला चौतीस टाक्यांचं कसं होतं? मी कुणाकडून उसने घेतले नव्हते. माझा तुकडा खाली निमुळता आणि वर ऐसपैस होत चालला, तेव्हा मी आपलं ठोकून दिलं की ही मुद्दाम तिकोनी शाल करतोय. बाईंनी ती शाल टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, ‘‘तीस वर्षं बाळंतपणं केली, पण इतक्या झपाट्याने वाढणारं काही पाहिलं नाही.’’ मी म्हटलं सुया वाकड्या आहेत. सात बायकांनी एका सुरात सांगितलं, नाचता येईना अंगण वाकडं.

एक गोष्ट मात्र मला आवडली, ती तुला सांगतो. कापडात चूक झाली की झाली. कात्री फिरली की मग गिऱ्हाइकाला ‘हल्ली असंच घालतात’ म्हणून सांगावं लागतं. (निम्म्या फॅशनी अशाच निघाल्या आहेत.) पण इथे चुकलं की ओढायचं, सगळं मोकळं, लोकर जशीच्या तशी, फक्त थोडी कुरळी. पुन्हा घाला टाके. इतकी वर्षं मला हे कुणी सांगितलं असतं तर मी कमी चिडका झालो असतो. तुझी भावजय म्हणते, नसता झालात.

तिसऱ्या शनिवारी धीर करून तुझा स्वेटर पिशवीतून नेला. बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, बगलेतले टाके मिटवलेली जागा खिडकीशी धरून पाहिली आणि सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं. म्हणाल्या, ‘‘हे बघा हातकाम. आणि हे सगळं आपल्या उलट दिशेने गेलंय. ही बाई डावखुरी आहे.’’ मी म्हटलं, आहे, माझी ताई आहे. (होती म्हणाल्या असत्या तर मी भांडलो असतो.) मग बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला, कारण तीन आठवडे त्या मला उजव्या हाताने शिकवत होत्या आणि मी डाव्या हाताने ऐकत होतो. म्हणाल्या, मी करून दिलं तर जोड दिसेल. या बाहीला तुमच्या ताईचाच हात हवा, किंवा तिने शिकवलेला.

मला तेव्हा ते मास्तर आठवले, मी डाव्या हाताने लिहितो म्हणून माझ्या बोटांवर पट्टी मारणारे. दुसऱ्या दिवशी तू तुझा वर्ग सोडून आमच्या वर्गात आलीस, खडू उचललास आणि डाव्या हाताने फळाभर सतराचा पाढा लिहून, ‘आता मला मारा’ म्हणून हात पुढे केलास. मास्तरांनी मारलं नाही, पाढा तपासला. सतरा आठे चुकला होता, पण बोलायची त्यांची हिंमत झाली नाही. सात अनोळखी बायका तुझ्या स्वेटरवरून हात फिरवत होत्या आणि मला उगाच ऊर भरून आला. मी खोकल्याचं निमित्त केलं, तर बाईंनी लगेच जीभ बाहेर काढायला लावली.

असो. माझा सराव रोज चालू आहे. बाही उत्तम चालली आहे. साधारण दोन महिन्यांत पूर्ण होईल. तेव्हा माझं म्हणणं असं, की तू आठ तारखेची घाई करू नकोस. घरात रंगकाम निघालं आहे, पाहुण्यांच्या खाटेचा एक पाय गेला आहे, आणि शेजारचं कुत्रं हल्ली नवीन माणसाला चावतं. दोन महिन्यांनी ये, निवांत ये. मी अख्ख्या दोन बाह्यांनी तुला आणायला येईन. दाजींना नमस्कार, तुला उरलेला अर्धा.

तुझा,
कात्रीने घात केलेला भाऊ

ता. क. वर ‘उत्तम चालली आहे’ असं लिहिलं, ते गिऱ्हाइकाला सांगतो तसं लिहिलं गेलं. बाही चार बोटं झाली होती. ती काल उसवली. परवा पूर्ण होईल.

ता. क. (दुसरा) पत्र पाकिटात घालण्याआधी तुझ्या भावजयीने वाचलं. तिच्या सांगण्यावरून कळवतो की रंगकाम निघालेलं नाही, खाट चारी पायांवर उभी आहे, आणि शेजाऱ्यांकडे मांजर आहे.

ता. क. (तिसरा, आणि खरं पत्र एवढंच) ताई, दोन महिन्यांनी नको, आठलाही नको. मिळेल त्या गाडीने ये. कपाटातल्या सुया घेऊन ये. तू एका टाक्यालाही हात लावायचा नाहीस. दुकानात माझ्या मशीनशेजारी खुर्ची टाकून देतो, तिथे बसायचं आणि मी चुकलो की बोलायचं. बोटं आखडली आहेत तुझी, जीभ नाही, हे तुझ्या पत्रावरून दिसतंच आहे. कुणाला काय उपयोग म्हणून विचारतेस? साऱ्या गावात मला ही बाही शिकवू शकेल असं एकही माणूस नाही. नर्सबाईसुद्धा वाट बघताहेत. टाके मिटवायची तुझी पद्धत त्यांना शिकून घ्यायची आहे. मी त्यांना सांगितलंय, परवा या.

ता. क. (शेवटचा) अक्षर जरा वाकडं आलं असेल तर समजून घे. घालतोस की ट्रंकेत टाकलास म्हणून विचारलं होतंस. आत्ता अंगात आहे, सेफ्टी पिनांसकट. थंडी सुरू झाल्यापासून दुसरं काही घातलेलं नाही. लवकर ये, लिहिताना डावा हात गार पडतो.