घेतो आणि पिते

आई, आज तुझ्या नातीला बघायला दिघीहून माणसं आली होती. मुलगा आणि त्याचे आईवडील. पोहे झाले, चहा झाला, आणि मी तुझाच प्रश्न विचारला. मुलगा घेतो का? माझ्या वेळी तूही हेच विचारलं होतंस. शनिवारी थोडी, कंपनीतली माणसं म्हटल्यावर चालायचंच, असं माझे सासरे म्हणाले आणि तू मान डोलावलीस. तो शनिवार पुढे सोमवारपर्यंत लांबायला लागला, ते तू बघितलंसच. आजही तेच उत्तर आलं, हसत हसत. मीही मान डोलावली. लेक तुझीच ना.

मग मुलाच्या आईने मोबाइलवरचा एक फोटो पुढे केला. आपली पोरगी चाकणला कोरियन कंपनीत आहे. तिथली मोठी साहेब बाईच आहे, आणि पार्टीत ती स्वतःच्या हाताने सगळ्यांना ओतते. वडीलधाऱ्याने दिलेला ग्लास नाकारायचा नाही, दोन्ही हातांनी धरायचा, अशी त्यांच्याकडची रीत. फोटोत तुझी नात तसाच धरून बसलीय, प्रसाद घ्यावा तसा.

"पोरगी पिती व्हय?" बाईंनी विचारलं.

बघ हं आई, मुलगा घेतो आणि पोरगी पिते. बाटली तीच, शब्द वेगळा. सरबत आहे म्हटलं असतं तरी निभावलं असतं. स्थळ चांगलं, मुलगा पोरीच्या मनात भरलेला. ती माझ्याकडे एकटक बघत होती. हे मात्र पंख्याकडे बघत होते, यांना बोलायला तोंड तरी कुठे होतं!

आणि नेमकं मला माझं बाळंतपण आठवलं. थेरगावच्या खोलीत तू तांदळाच्या डब्यामागून ब्रँडीची बाटली काढतेस, चमचाभर माझ्या तोंडात घालतेस. औषध आहे, कुणाला बोलू नकोस, म्हणतेस. आणि झाकण लावायच्या आधी पाठ फिरवून एक चमचा स्वतःही घेतेस. बाळंतीण मी होते गं, तू कुठे होतीस?

मी म्हटलं, "घेते कधीतरी. तुमचा मुलगा घेतो तशीच."

बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. आमच्यात न्हाई चालत, म्हणाल्या आणि उठल्या. मुलगा खाली मान घालून त्यांच्या मागे गेला. पोरगी आत जाऊन रडली. मग बाहेर येऊन म्हणाली, "आई, खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं." तेव्हापासून दार लावून बसलीय. मी बरोबर केलं की पोरीचं वाटोळं केलं, कळत नाही. तू असतीस तर मला आधी झापलं असतंस.

तू असतीस तरी हा कागद तुझ्या हातात दिला नसता. पण एक सांगून टाकते. तो चमचा मला औषधासारखा लागलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तू डब्यामागे कधी हात घालतेस, याची मी वाट बघत होते.