सरावाचं ओझं

ता. ३ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. मार्चमध्ये बाबांबरोबर चारशे किलोमीटर चालणार म्हणतेस! कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही तुला स्कूटर लागते, हे मी विसरलेलो नाही. रविवारी बर्फाच्या डोंगरात सरावाला जाताय ते उत्तम. दोघांनीही पाठीवर पूर्ण वजन घेऊनच चढा, म्हणजे पुढे पाय कुरकुरणार नाहीत. बाबांना सांग, गवंडीकाम सोडून दोन वर्षं झाली, आता परांचीवर चढल्यासारखं पळू नका.

लोभ आहेच, पण उत्तर आलं नाही तर आटेल.
तुझा,
दादा

ता. ८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. बाबा दवाखान्यात आहेत. जिवावरचं टळलं, पण डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागणार.

खिंडीजवळ गोठलेल्या ओढ्यात त्यांचा पाय घसरला, कमरेपर्यंत भिजले. आधी दात वाजायला लागले, मग बोलणंच अडखळायला लागलं. मी म्हटलं, थांबा, दादाने पाठवलेला नवा कोट काढते. त्यांची सॅक उघडली, तर आत विटा! चार विटा, वर्तमानपत्रात गुंडाळून नीट रचलेल्या. सुका मोजासुद्धा नाही. बाबा पुटपुटले, वजन बरोबर आहे, काट्यावर घातलं होतं. माझा कोट त्यांच्यावर घातला. दोन लाकूडतोडे भेटले म्हणून ते खाली तरी पोचले.

तू शिवून पाठवलेला कोट कपाटात निघाला. बटणांवरचा कागदही काढलेला नव्हता. विचारलं तर म्हणाले, खऱ्या चालण्यासाठी जपून ठेवला. माझा तोल गेला रे. वॉर्डात सगळ्यांदेखत त्यांना चिक्कू म्हटलं, नको नको ते बोलले. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत.

लवकर ये. लोभ असू दे.
तुझी,
छोटी

ता. ११ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शिलाई मशीनपाशी बसून वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला घेतलं.

बाबांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. कोटाच्या खिशात माझी चिठ्ठी आहे, बघ. शिवायला महिना गेलाय, मार्चपर्यंत हात लावू नका, असं त्यांना बजावलं होतं. वजन पूर्ण घ्या, हेही मीच लिहिलं. दोन्ही पाळायचं म्हटल्यावर गवंड्याने दुसरं काय भरावं?

शाळेत होतो तेव्हापासून त्यांनी माझं एक ऐकलं नाही. नेमकं हे ऐकलं. आणि तुझी बोलणी खाऊन मला पाठीशी घातलं.

उद्याच्या पहिल्या गाडीने निघतोय. माझ्यावरचा लोभ उरला असेल, तर राहू दे.
तुझा,
दादा