आपल्याच मोटारीनं

४ मे १९५४
काल दादा आरमोरीहून सायकल हाणत आला काय, आणि आज सकाळी ह्यांनी मोटारीचं बॉनेट उघडलं काय! योगायोग म्हणे.

दादाचा निरोप असा: आरमोरीच्या मुलींच्या शाळेत जागा झाली. माझंच नाव धरून ठेवलंय. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी हजर व्हायचं. राहायला माहेर आहेच, सुटीला इकडे. सासूबाई तोंड उघडणार तेवढ्यात मामाजी बोलले. "जाऊ दे तिले. पन सून आपल्याच मोटारीनं जाईन. बैलबंडीत नाई, सर्व्हिस मोटारीत नाई. लोकायनं म्हणू नये का सासऱ्याची मालगुजारी गेली आन् सून पोटासाठी बंडीत बसून निंगाली."

मी लगेच पाया पडले. फार घाई केली.

हे तिथंच खांबाला टेकून होते. हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. म्हणाले, "मेनिफोल गंजला हाये. रंग मारून घेतो. दोन रोजाचं काम."

७ मे
मेनिफोल म्हणजे इंजिनातला धूर बाहेर काढणारा ओतीव लोखंडाचा नळ. चार तोंडं, गाईच्या सडांसारखी. मला जाणून घ्यायची हौस नव्हती, पण जेवताना दुसरा विषयच नाही, मग पाठ झालं. घासायला माझी चिंच नेली. वर्षाची साठवलेली चिंच! विटेची भुकटी पण माझीच. मग चांद्याहून मागवलेला चंदेरी रंग. ब्रशनं हळूहळू, फुंकर घालून घालून.

उन्हात वाळत ठेवला आणि हे शेजारी खाट टाकून बसले. कुत्रं जवळ आलं तर काठी उगारली. सात वर्षांत माझी एवढी राखण कधी केली नाही.

१० मे
बसवला. चालू केली. आणि काय तो वास! आधी धूर, मग रंगाला फोड आले, मग खपल्या. सासूबाई पदर नाकाला लावून मागच्या दारानं पळाल्या. मला हसू आवरेना.

मी म्हटलं, राहू द्या, असंच जाऊ. तर म्हणतात, "असं कसं? वाटेत कोनं बॉनेट उघडून पाह्यलं तं?"
अहो, कोण उघडणार! आरमोरीच्या वाटेवर काय माणसं बॉनेट उघडायलाच उभी असतात?

पुन्हा काढला. तो काढला की मोटार चालत नाही, म्हणजे अंगणात एक मोठी खाट. कोंबड्या बसतात.

१५ मे
भांडण. आता ह्यांचं म्हणणं असं की रंग भाजून पक्का करावा लागतो. कुठं? माझ्या चुलीवर! मी चुलीपुढं आडवी उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "करू दे ना वं. एवढा एकच तं शौक हाये त्याले." एवढा एकच! आणि माझा? माझा शौक नाही म्हणायचा, माझं खूळ म्हणायचं.

भाजला. दोन दिवस वरणाला रंगाचा वास. कोणी जेवलं नाही, आणि बोलणी मी खाल्ली. पोट भरलं माझं.

१९ मे
आज पुन्हा बसवला. हे गावाला चक्कर मारून आले. हनुमानाच्या पारापर्यंत ठीक, परत येईतो खपल्या. बॉनेट वर करून पाहिलं आणि मान हलवली, हळहळले, "अरेरे" वगैरे.

पण मी न्हाणीच्या आडून बघत होते. ह्यांनी मान वळवली आणि हसले. उघड नाही, मिशीतल्या मिशीत. मी पाहिलं.

म्हणजे असं आहे तर.

२० मे
दिवसभर डोकं भणभणतंय. ह्यांना रंग टिकायला नकोच आहे. रंग टिकला की मोटार चालेल, मोटार चालली की मी जाणार. माणसानं सरळ बोलावं ना! एकदा म्हणावं, मले करमनार नाई तुझ्याबिगर. मी काय केलं असतं? गेलेच असते. पण भांडून नसते गेले. डोळ्यांत पाणी घेऊन गेले असते. आता ह्या माणसासाठी डोळ्यात पाणी कुठून आणू?

२२ मे
हे हरभरा घेऊन ब्रह्मपुरीला गेले. ह्यांनी पुन्हा काढून ठेवलेला मेनिफोल मी उचलला. मेल्याचं वजन काय! टोपलीत घातला, वर जुनं लुगडं झाकलं.

तव्याचा काळा रंग कधी सुटतो का? आई नवा तवा आणला की जवसाचं तेल चोळून रापवायची. मी तेलात दिव्याची काजळी कालवली, चारही तोंडांना चोळ चोळ चोळली आणि मैनाबाई कुंभारणीकडे गेले. आज तिची भट्टी लागायची होती.
तिनं लुगडं उचलून पाहिलं. "हे कोनाचं लेकरू भाजाले आनलंस वं बाई?"
"सवतीचं."
दोघी इतक्या हसलो की तिच्या हातातलं गाडगं सुटलं. फुटलं नाही. भट्टीच्या कडेला, आच कमी असते तिथं, तिनं ठेवून दिला. किती दिवसांनी हसले मी!

२४ मे
काळाभोर निघाला. हात फिरवला तरी बोटाला लागत नाही. मामाजींच्या समोर नेऊन ठेवला. आता बसवल्याशिवाय ह्यांना गत्यंतर नव्हतं. बसवला, चालू केली, थोडा धूर आला, गेला. मी मागच्या सीटवर बसले. पारापर्यंत गेलो, नाल्यापर्यंत गेलो, परत आलो. एक खपली नाही.

मी मनात पेटी भरायला घेतली होती.

हे बॉनेट उघडून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काळा हाये."
"मग?"
"मोटारीचं इंजन हाये, चूल नोहे. पह्यले चंदेरी होता, चंदेरीच पाह्यजे." आणि पाना घेतला.

मग माझा ताबा सुटला. अंगणात, गडीमाणसांसमोर ओरडले. "सरळ म्हणा ना जाऊ नको! रंगाच्या आड काऊन लपता?"
पान्यावरची नजर न उचलता म्हणतात, "मी कधी म्हटलं जाऊ नको?"

नाही म्हटलं. हेच तर. एकदाही म्हटलं नाही. ह्या माणसाला धरायचं कुठं?

२८ मे
अबोला. जेवणाचं ताट आपटून ठेवते, एवढंच बोलणं.

हे तारेच्या ब्रशनं माझा काळा रंग खरवडून राहिले. सकाळपासून खर्र खर्र. निघत नाही. मी सुपात तांदूळ घेऊन मुद्दाम ओसरीवर बसले, ऐकायला. एवढं गोड काही कानावर पडलं नव्हतं ह्या घरात. हे घामाघूम झाले, बोटं सोलली. मी पाणी विचारलं नाही.

संध्याकाळी दसरू, आमचा नांगऱ्या, घाटावरून आला. आरमोरीच्या वाटेवर वैनगंगा ओलांडावी लागते, तिच्या रेतीत ठेकेदाराचा ट्रक रुतला होता, ह्यानं आमच्या दोन जोड्या लावून पार ओढून दिला. नवीन काही नाही. बांबूचे तट्टे अंथरलेले असले तरी रेतीत सगळ्या मोटारी शेवटी बैलच ओढतात. म्हणाला, "बाई, आता तट्टे काई जास्त रोज राहत नाईत. पानी चढून राह्यलं वरतून."

२ जून
चंदेरी रंगाचा आणखी एक हात. खाली माझा काळा आहे तसाच आहे, वरून चंदेरी थापला. हट्ट म्हणजे किती!

घाटवाल्यांचा निरोप आला, रविवारी दुपारी तट्टे उचलणार. मग दिवाळीपर्यंत मोटार बंद. नुसता माणसं नेणारा डोंगा.

मामाजी जेवताना म्हणाले, "मंग आता पुढच्या सालाले पाहू." सासूबाईंनी माझ्या पानात आग्रहानं भात वाढला. आज एवढा लाड! हे खाली बघून भात कालवत होते. कालवून कालवून चिखल केला, खाल्ला नाही.

मी उठून गेले. ओसरीवर रडले. रागानं रडले, दुःखानं नाही, हे इथं लिहून ठेवते.

३ जून
दादाचं माणूस विचारायला आलं, येते की नाही? जागा दुसरीला द्यायची का? मी म्हटलं, येते. सासूबाईंनी ऐकलं. "कशी येतेस वं? उडत?"

कशी, ते मलाही ठाऊक नव्हतं. बोलून गेले.

४ जून
दुपारी गोठ्यापाशी गेले होते. दसरू बैलांना पाणी दाखवत होता. त्या बैलांकडे बघता बघता डोक्यात लख्ख उजेड पडला. खरंच सांगते, माझं मलाच हसू आलं.

तशीच मामाजींकडे गेले. पदर नीट घेतला, आवाज खाली ठेवला.
"मामाजी, तुमी म्हटलं होतं सून आपल्याच मोटारीनं जाईन."
"म्हटलं होतं. पन मोटार कुठी चालून राह्यली?"
"चालाची कशाले? रेतीत ओढतेच ना बैल? मंग घरूनच जुंपा. मोटार आपलीच, बैलबी आपलेच. बंडीत मी बसून नाई राह्यली."

सासूबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला. मामाजी माझ्याकडे बघत बसले. मला वाटलं आता उठतात आणि गरजतात. कारण त्यांना कळलं होतं, गाव काय बोलेल ते. मालगुजाराची मोटार, पुढं बैल, आत सून! पण शब्द त्यांचाच होता आणि चारचौघांत दिलेला होता. तो गिळायचा की हे गिळायचं?

शेवटी म्हणाले, "लाल जोडी लावू नको. ते हारनाले बिचकते. भुरी लाव."

मी ह्या वेळी पाया पडताना डोकं टेकवलं.

५ जून
पेटी भरली. चार लुगडी, तवा, पुस्तकं. तवा माझा आहे, नेणारच.

ह्यांना कोणी सांगितलं ठाऊक नाही, पण कळलंय. सकाळपासून मेनिफोलला हात लावला नाही. दुपारी दाराशी आले. पेटीकडे बघितलं. म्हणाले, "बैल ओढतीन. स्टेरिंग कोन धरन?"

ह्याचा मी विचारच केला नव्हता! मेले बैल ओढतील, पण वळणावर चाक कोण वळवणार? गावात दुसऱ्या कोणाला येत नाही. दसरू म्हणतो, मले कासरा येते, चाक नाई येत.

हे उभेच राहिले. मला वाटलं आता म्हणतील. ओठ हलले पण. आणि म्हणतात काय, "त्या टोकाले रंग पातळ लागला हाये."
मी पेटीचं झाकण आपटलं.

६ जून, रविवार
पेन्सिलनं लिहून राहिले. मोटारीत बसले आहे, मागच्या सीटवर. पेटी पायाशी. भुरी जोडी पुढं आणि तिच्या पुढं लाल नव्हे, काळी जोडी, बंपरला दोर. कोंबड्या हाकलल्या तरी एक छपरावर बसून आहे. कुंपणापाशी अर्धा गाव. मैनाबाई पण आली, मला बघून पदरात तोंड लपवून हसते. सासूबाई बाहेर आल्या नाहीत. मामाजी पागोटं बांधून ओसरीवर, लग्नाला निघाल्यासारखे ताठ.

दुपारी तट्टे उठतील. घाट कोसभर. दसरू कासरा धरून उभा, माझ्याकडे बघतो, मग पुढच्या रिकाम्या सीटकडे बघतो.

हे खांबाशी उभे आहेत. हातात मेनिफोल. लहान पोर घेतल्यासारखा छातीशी धरलाय, चंदेरी रंग सदऱ्याला लागतोय आणि ह्यांना पत्ता नाही. म्हणजे रात्री आणखी एक हात मारलाय, अजून ओलाच आहे.

मी पुढचं दार आतून ढकलून उघडलं. आता बोलायचं असेल तर ह्यांनी बोलावं, राहा म्हणून किंवा जा म्हणून, काहीतरी एक. दार असंच उघडं ठेवते आहे. दसरूला सांगितलंय, वळणापर्यंत रस्ता सरळ आहे, तिथवर चाक कोणी धरलं नाही तरी चालतं. हाक बैल.