अनंताच्या कुंडीत मूठभर चुना

नाशिक, जून २००१, गुरुवार संध्याकाळ

तुळस बरी. मोगरा ठीक. टोमॅटो सुधारतोय. अनंत मात्र... पानं पिवळी, कळ्या गळाल्या.

घोटीची लाल माती आंबट, म्हणून टोमॅटोच्या कुंडीत चिमूटभर चुना घाला म्हटलं. ह्यांनी अनंतालाही घातला, तोही मूठभर! त्याला आंबट मातीच मानवते, हे किती वेळा सांगायचं?

"अगं, पंगतीत दुजाभाव नको," म्हणे.

"तुम्हाला मधुमेह. पंगतीत बसलात म्हणून जिलबी वाढू का?"

वर हसतात! मूठभर! आईच्या अंगणातल्या अनंताची फांदी ती. आई गेली, घर विकलं, माहेर एवढंच उरलं.

चुन्याची माती खरवडून टाकली, घोटीची नवी भरली. बाबा अनंता, एका हिरव्या पानानं लवकर कळव.