रेडिओतली पऱ्हाटीची काडी

बुधवार, दिवेलागणीले

प्रकाशनं आज त्याच्या बाबाचा जुना रेडिओ राळेगाववरून दुरुस्त करून आणला. मले न सांगताच नेलता. किती खूश होता पोरगा! "आई, खरखर बंद झाली पाय. बटनही नवीन बसवलं."

"अन् काडी?" मी इचारलं. आवाजाचं बटन तुटलं तेव्हा यायनं, प्रकाशच्या बाबानं, कापसाच्या पऱ्हाटीची काडी तासून तिथं बसवली होती. धरून धरून काळी, गुळगुळीत झाली होती ते. हे गेल्यावर रोज सकाळी मी तेच फिरवत होती. यायचं बोट जिथं टेकायचं, तिथंच माहं टेकायचं.

"काडी कायले पाह्यजे? फेकली असंन दुकानवाल्यानं," प्रकाश म्हणे. मी म्हटलं, "बरं केलं बाप्पा." दुसरं काय म्हणू? बापाचा रेडिओ म्हणूनच तर नेला त्यानं.

तो बाहेर गेल्यावर चुलीजवळच्या पऱ्हाट्यातली एक काडी मोडली, विळीनं तासली. काहून तासली, माहीत नाही. नवीन बटन ओढून पाह्यलं, निघत नाही. रेडिओ साफ बोलून राह्यला. काडी माह्या हातातच आहे, तिले बसवाले जागाच राह्यली नाही.