डोळे मिटून घ्यायच्या चाचणीचे फेरमोजमाप

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
प्रसूती रुग्णालय.

मार्फत : मा. अधिसेविका

विषय : माझा उजवा हात पूर्ववत झाल्याचा दाखला रद्द करून हाताचे पुन्हा मोजमाप करण्याबाबत.

संदर्भ : सोमवार, दि. १७ पासून प्रसूती कक्षात रुजू होण्याबाबतचे आपले दि. १२ चे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, मी आपल्या रुग्णालयात बावीस वर्षे परिचारिका असून माझी सर्व सेवा प्रसूती कक्षात झाली आहे. सात महिन्यांपूर्वी औषधांच्या कपाटाची काच फुटून माझ्या उजव्या मनगटातील मज्जातंतू कापला गेला. शस्त्रक्रियेनंतर व्यवसायोपचार विभागात दर पंधरवड्याला माझ्या हाताचे मोजमाप होत आले.

१. शेवटच्या मोजमापात मुठीची पकड सव्वीस किलो भरली. नऊ भोकांत नऊ खुंट्या मी एकोणीस सेकंदांत बसवून काढल्या. हे आकडे खरे आहेत. परंतु खुंट्या बघून बसवता येतात, आणि सव्वीस किलोंच्या पकडीचे म्हणाल तर प्रसूती कक्षात कोणाचा गळा आवळायचा नसतो. तिथे दोन बोटे आत जातात आणि जे दिसत नाही ते चाचपून सांगावे लागते.

२. स्पर्शाची चाचणी मात्र खोटी आहे, व ती मी खोटी केली आहे. व्यवसायोपचाराच्या बाई डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक तंतू बोटांना टेकवीत व "आता कुठे लागलं?" असे विचारीत. मी पापण्या किलकिल्या ठेवून बघत असे. घरी बसून मला वेड लागायची पाळी आली होती. सिस्टर बऱ्या झाल्या, एवढे एकदाचे कागदावर यावे असे झाले होते. यात बाईंचा काडीचाही दोष नाही. या वयाची सिस्टर लबाडी करील असे त्यांच्या मनातही आले नसावे.

३. आपले पत्र मिळाल्यावर माझे धाबे दणाणले. मी सासूबाईंना हाताचे खरे सांगितले. त्यांनी पिशवीत बटण, किल्ली, बूच, लसणाची पाकळी असे दहा जिन्नस घालून, न बघता ओळखायला लावले. मला दोन ओळखता आले. बटणाला मी लसूण म्हणाले तेव्हा त्या हसल्या नाहीत. "उद्याच साहेबांना लिहून दे, नाहीतर मी जाऊन सांगते," असे त्यांनी बजावले आहे, आणि त्या खरोखर येतील.

४. वरील कारणे पुरतील अशी आशा होती, म्हणून ही बाब शेवटी ठेवली. ती मी सासूबाईंनाही सांगितलेली नाही. मंगळवार, दि. ११ रोजी हात पुन्हा बसावा म्हणून परिसेविकांनी मला कक्षात बोलावले होते. तिसऱ्या खाटेवरील बाईंना तपासून मी "डोके खाली" असे लिहिले. बोटांना काहीही कळले नव्हते. सवयीने लिहिले. तासाभराने डॉक्टरांनी तपासले तेव्हा बाळ पायाळू निघाले. धावपळ करून शस्त्रक्रिया झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. माझ्या नोंदीबद्दल मी अवाक्षर काढले नाही. मला स्वतःची लाज वाटते.

तरी विनंती की, माझ्या डोळ्यांवर दुसऱ्या कोणाकडून जाड फडके बांधवून स्पर्शाची चाचणी पुन्हा घ्यावी. तोवर मला नोंदणीच्या खिडकीवर बसवावे, पण एकाही बाईला हात लावू देऊ नये. माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती मान्य राहील.

काल मी तिसऱ्या खाटेवरील त्या बाईंना भेटायला गेले. त्यांनी माझी हीच दोन बोटे मुठीत धरली व "सिस्टर, तुमच्या हाताला गुण आहे," असे म्हणाल्या. त्यांचा हात गरम होता की गार, हे मला सांगता येणार नाही.

सोमवारच्या आत उत्तर मिळावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
(सही)
परिचारिका, प्रसूती कक्ष
शुक्रवार, दि. १४

सोबत :
१) हात पूर्ववत झाल्याचा मूळ दाखला, परत.
२) दहा जिन्नसांची यादी, सासूबाईंच्या अक्षरात.
३) तिसऱ्या खाटेच्या केसपेपरची प्रत. बाईंचे नाव झाकले आहे, माझे झाकलेले नाही.