मागे वळायचं नाही

मंगळवार, ५ नोव्हेंबर
पोचले एकदाची बामेंडाला! लिंबेहून निघताना आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. गणित शिकवायला गोळीबारातलंच विद्यापीठ सापडलं का, म्हणे. इथं समुद्र नाही, पण हवा गार आणि खोली ऐसपैस. शेजारच्या मा लुम तोंडाळ पण मायाळू. आल्या आल्या त्यांनी अचूचं ताट पुढ्यात ठेवलं, कुटलेल्या अळकुड्यांचा गोळा आणि पिवळा रस्सा. मी चमचा मागितला, तर बोटं लिंबेला विसरून आलीस का गं, प्रोफेसर, म्हणाल्या. हसून हसून ठसका लागला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
वर्गात बाकं भरपूर, पोरं मूठभर. तास संपला की सगळे पळतात. अंधाराच्या आत घरी पोचायचं असतं. गप्पा मारायला म्हणून कुणी थांबत नाही.

मा लुमचा भाजीचा ठेला विद्यापीठाच्या फाटकासमोरच आहे. आज तिथं बसले असताना एक बाई आली. फाटकाजवळची मूठभर माती तिनं फडक्यात बांधली आणि हाक मारली, नेबा, चल बाळा घरी. मुलाला तिथंच गोळी लागली होती. मा लुम म्हणाल्या, जो जिथं पडला तिथली माती घ्यायची, नावानं हाक मारायची आणि घरी न्यायचं; वाटेत मागे वळायचं नाही, वळलं की तो तिथंच राहतो. तेवढ्यात कुठंतरी फटाक्यासारखा आवाज झाला आणि बाई दचकून वळली. मा लुमनी कपाळावर हात मारून घेतला.

रविवार, १० नोव्हेंबर
उद्या सोमवार, म्हणजे कडकडीत बंद. जंगलातल्या बंडखोर पोरांचा हुकूम आहे: शाळा नाही, बाजार नाही. सबंध दिवस चार भिंतींकडे बघत बसायचं? वसतिगृहातल्या दोघी उद्या तासाला येतो म्हणाल्यात. मा लुम चिडल्या. सोमवारी कोंबडंसुद्धा विचारून आरवतं इथं, म्हणाल्या. मी जाणार.

सोमवार, ११ नोव्हेंबर
तास घेतला. मध्येच मोठा आवाज झाला, खिडकीची काच फुटली. पोरी किंचाळत पळाल्या. खडू हातून पडला तो उचलताच येईना. तरी गणित तोंडी पूर्ण केलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
मा लुमनी माझ्या हाकेला ओ दिली नाही. भाड्याचा बाइकवाला हात दाखवूनही थांबला नाही. बंद मोडला म्हणून वाळीत टाकलेलं दिसतंय. मा लुमच्या अंगणात बायका रडतायत. कोण गेलं, ते मला कुणी सांगेना.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
अजून तेच. ताट येत नाही. भूकही नाही. आई फोन उचलत नाही. इतकं एकटं आयुष्यात वाटलं नव्हतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर
आज वर्ग भरलेला! अनोळखी पोरं, एकजात शांत. कुणी पळालं नाही. जीव सुखावला माझा.
मागच्या बाकावरच्याला नाव विचारलं. नेबा, म्हणाला. आईनं वळायला नको होतं, मॅडम.
सगळे माझ्याकडे बघत होते — कीव केल्यासारखे —
मी इथं कशी?

बुधवार, २० नोव्हेंबर
फळ्याखाली फरशीवर रक्ताचा डाग. पुसला जात नाही. माझाच आहे.
आई येईल. मा लुम तिला सगळं सांगतील. इथं राहायचं नाही मला — या बाकांवर — कायमचं —

शनिवार, २३ नोव्हेंबर
आई आली!
मा लुमनी तिचा दंड घट्ट धरलाय. आईनं फरशीवरची धूळ फडक्यात बांधली. एनांगा, चल गं माझी बाय, घरी चल.
चालता चालता लिहितेय. एक शब्द बोलायचा नाही, तिला ऐकू गेलं तर वळेल. पायऱ्या — अंगण — फाटक आलंच. किती थकलीय. डोळे पुसत चाललीय, खाली बघतच नाही — पुढे उघडं गटार —
आई, सांभाळ!
थांबली.
मा लुम ओरडतायत. नको गं. आई, नको, मान नको फिर